टॉवेलाआडचा ‘स’

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. तळमजल्यावर कारखाना, वर आमचं घर. माग सुरू असले की घसा ताणून उपयोग नसतो, म्हणून हाताने बोलतो. मूठ ओठांशी नेली की चहा. तळहात पालथा दाबला की माग थांबव. जिन्यातला दिवा उघडझाप केला की जेवायला या. उरलेलं ओठांवरून कळतं. सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांत माग आहेत, तिथे हे असंच चालतं. मी अशाच घरात जन्मले आणि अशाच घरात सून होऊन आले. आम्ही टॉवेल विणतो.

म्हणून आमच्या सहस्राला ऐकू येत नाही, हे ती तीन वर्षांची होत आली तरी आम्हाला कळलं नाही. मूठ ओठांशी नेली की ती दुधाचा पेला घेऊन यायची. दिवा उघडझाप झाला की सगळ्यांत आधी ताटावर बसायची. शहाणी मुलगी, असं गल्ली म्हणायची. बोलत नाही म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "हिचा बाप तरी कुठे लवकर बोलला? आणि आता तरी कुठे बोलतोय?" आम्ही हसायचो.

याला आजारपण म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. ताप नाही, पडून राहणं नाही. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांना मी ओळखते. त्यांच्यासाठी लिहिते आहे. कारखान्याच्या ऑर्डरी, गठ्ठे, सूत, सगळं मी बघते. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. यादी करून जे सुटलं नाही, त्याबद्दल हे आहे.

कळलं तो दिवस

बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. "सहस्राची आई, ती माझ्याकडे बघत असली की तिला सगळं कळतं. मी पाठ केली की काहीच नाही. एकदा कान तपासून घ्या."

तपासणीसाठी तिला झोपेचं औषध दिलं. डोक्याला वायरी चिकटवल्या. मी विचारलं, किती वेळ लागेल, रिपोर्ट कुठे मिळेल, पावती कुणाकडे द्यायची. मला सगळं नीट विचारता येत होतं. मग ऑडिओलॉजिस्ट मॅडम बाहेर आल्या. माझ्यापेक्षा खूप लहान मुलगी, माळशिरसकडची. म्हणाल्या, "दोन्ही कानांना बरंच कमी आहे, ताई. जन्मापासूनचं असावं. मशीन लावावी लागतील. लवकर."

"लवकर म्हणजे कधी?"

"उशीर झालाय."

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं?"

"नाही," मी म्हणाले. माझ्या नवऱ्याने, श्रीनिवासने, मान हलवली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय विचारतेय ही पोरगी?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "आजींचं काय?"

"आई मागावर होती ना सगळं आयुष्य," श्रीनिवास म्हणाला. "आमच्यात त्या वयाचे सगळेच असे असतात. तो काही आजार नाही."

परत येताना मी रिक्षा थांबवून मेथी घेतली, कारण त्या दिवशीच्या यादीत मेथी होती. जुडी उलटीपालटी करून पाहिली, भाव केला. रिक्षात बसल्यावर सहस्राने त्यातलं एक पान काढून माझ्या नाकाला लावलं. तेव्हा मला रडू फुटलं, आणि ते घरापर्यंत थांबलं नाही.

बाकावर

दवाखान्याची एक पिशवी तयार केली. कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल, कोरडं फडकं, तिचा खाऊ, माझी पाण्याची बाटली. ही पिशवी दाराला टांगून ठेवा, ऐन वेळी शोधाशोध होत नाही. एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते.

रांगेत एकदा करमाळ्याकडची एक बाई भेटली. तिच्या मुलाच्या दोन्ही मशीनना लाल दोरा ओवून तो शर्टाच्या गुंडीला बांधला होता.

"कोकराला घुंगरू बांदतोय न्हवं, तसं," ती म्हणाली. "मेंढरं हायत आमची. पोरगं रानात हिंडतंय, कुटं शोधायचं पडल्यावर?"

"बोलतो का?"

"व्हय की! लई बोलतोय आता. मेंढरांस्नी शिव्या देतोय, त्येच्या आज्याच्या." ती तोंडावर पदर धरून हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि फडक्यातली शेंगदाण्याची पोळी मोडून सहस्राच्या हातात ठेवली. "येतंय समदं. दम धरा की."

मला तिचा हेवा वाटला. तो इतका वाटला की पोळीसाठी तिला बरं वाटेल असं काही बोलायचंही सुचलं नाही.

सहा आवाज

मशीन लावताना मॅडमनी समजावलं होतं की हा नुसता भोंगा नाही. मशीन येणारा आवाज वेगवेगळ्या सुरांत वाटून घेतं. जाड सूर वेगळे, बारीक सूर वेगळे. मग मुलीच्या कानाला जिथे जेवढी गरज, तिथे तेवढंच वाढवतं आणि फार मोठा आवाज आला की दाबून धरतं. "भाजीत मीठ कमी आहे म्हणून आपण सगळंच जास्त टाकत नाही ना, तसं," त्या म्हणाल्या.

रोज सकाळी दोन कामं सांगितली होती. पहिलं, डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी मशीनला जोडून मी स्वतः ऐकायचं, म्हणजे मशीन नीट चालतंय का ते कळतं. दुसरं, तोंड झाकून सहा आवाज काढायचे. आ, ऊ, ई, म, श, स. आवाज ऐकू आला की मुलीने हातातली वस्तू टोपलीत टाकायची. आम्ही सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या घेतल्या. घरात त्यांना काही तोटा नाही. "बोलणं या सहांच्या आत बसतं," मॅडम म्हणाल्या. "हे सहा आले की भाषा येते."

आ ला कांडी पडायची. म ला पडायची. ऊ ला बहुतेक वेळा. ई ला कधी तरी. श ला ती माझ्याकडे नुसती बघत राहायची. आणि स ला काहीच नाही. दिवस गेले, आठवडे गेले, स ला कधीच काही नाही. जिच्या नावात दोन स आहेत, तिला स मिळेना.

मी नळी कानाला लावली, मशीनजवळ स म्हटलं. मलाही आला नाही. श्रीनिवासला ऐकायला दिलं. तो म्हणाला, "आ येतोय मस्त. स नाही." सासूबाईंना दिलं. त्या म्हणाल्या, "यात काहीच नाही. फसवलं तुम्हाला."

मॅडम म्हणत, "ताई, माझ्या तपासणीत स पोचताना दिसतोय." मी म्हणे, "मी माझ्या कानाने ऐकलंय, मॅडम. नाही येत." त्यांनी सुटे भाग बदलून दिले. मशीन कंपनीकडे जाऊन आलं. दोष नाही, असा शेरा घेऊन आलं. तेवढे दिवस मुलगी एका कानावर होती.

दुकान

श्रीनिवासच्या ओळखीच्या एकाने मशीनचं एक दुकान सांगितलं. तिथल्या माणसाने मशीन संगणकाला जोडलं आणि बारीक आवाज वाढवत नेले. "आता ऐका." मी नळी लावली. लांबून कुकरची वाफ सुटावी तसं काहीतरी ऐकू आलं. स आला! दुकानदाराने हात जोडले, आम्ही हात जोडले.

संध्याकाळी सासूबाईंनी स्टीलची ताटं ओट्यावर ठेवली. सहस्रा किंचाळली. असा आवाज तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. तिने दोन्ही मशीन कानांतून ओरबाडून फेकली आणि पलंगाखाली घुसली.

त्यानंतर मशीनची डबी दिसली तरी ती पळायची. जबरदस्तीने लावलं तर डोकं भिंतीवर आपटायची. एक मशीन दोन दिवस सापडेना, ते कारखान्यातल्या सुताच्या गुंत्यात मिळालं, तिनेच कोंबलेलं. आता आ लाही कांडी पडत नव्हती.

मॅडमनी मशीन जोडून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे कुणी वाढवलं?" आम्ही दुकानाचं सांगितलं. "तिच्या कानात हे सुईसारखं गेलं असेल, ताई. आता ती आवाजालाच घाबरली." त्यांनी मशीन पहिल्यासारखं करून दिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्याकडे वेळ कमी आहे. येत्या काही महिन्यांत मशीनने फरक पडला नाही तर मी पुण्याला, कानाच्या आत यंत्र बसवायच्या ऑपरेशनच्या तपासणीसाठी पाठवते. त्यालाही वय असतं. ते निघून गेलं की भाषा शिकणं फार अवघड होतं."

एवढीच गोष्ट होती. आमची मुलगी बोलणार की नाही. ते वय चाललं होतं आणि मशीन डबीत पडून होतं.

मागावर

त्या दिवसांत घरात कुणी कुणाशी नीट वागलं नाही. मी श्रीनिवासला दुकानावरून टोचायची, तो मला बालवाडीपर्यंत कळलं कसं नाही यावरून. एकदा जेवताना तो म्हणाला, "जाऊ दे ना, लक्ष्मी. नाही बोलली तर नाही बोलली. उद्या मागावर उभी राहील. मागावर कान लागत नाहीत."

मी ताट सरकवून उठले. खाली माग चालू होते, त्यामुळे मी काय ओरडले ते त्याला ऐकू गेलं नसणार. ओठांवरून कळलं असेल.

मी न्हाणीघरात नळ सोडून बसायची. सकाळ होऊच नये असं वाटायचं, कारण सकाळ झाली की डबी उघडावी लागायची. देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ज्या आया हे वाचतील, त्यांनी असं काही बोलून झालं असेल तर घाबरू नये, इतकंच.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती. झोपताना सहस्रा माझ्या गळ्यावर तळहात ठेवायची. मी गुणगुणले की गळा थरथरतो, ते तिला हवं असायचं. मी थांबले की ती गळा थोपटायची. पुन्हा कर. मी पुन्हा करायची. तिला ऐकू येत नव्हतं आणि तरी ती मागत होती.

व्हिडिओ

मॅडमनी सांगितलं, घरी सराव कसा करता त्याचा व्हिडिओ पाठवा. सहस्रा खाऊच्या आमिषाने थोडा वेळ मशीन घालून बसली, श्रीनिवासने मोबाईलवर काढला, पाठवला. दुपारी फोन आला. आतल्या खोलीचं दार लोटून मी स्पीकर पूर्ण मोठा केला.

"ताई, तोंडापुढे काय धरलंय ते?"

"टॉवेल. ओठ दिसू नयेत म्हणून. तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी पातळ कापड म्हटलं होतं. हा केवढा जाड आहे!"

"आमचाच आहे, मॅडम," श्रीनिवास मागून म्हणाला. "एक्स्पोर्टचा माल. दुसऱ्या कुणाचा एवढा जाड नसतो."

त्या हसल्या. आम्हीही हसलो, किती दिवसांनी. "छान आहे हो. पण आ आणि म या टॉवेलातून निसटतात, स अडकतो. बारीक आवाज असाच असतो. भरतकामाच्या रिंगमध्ये मलमल ताणून घ्या." मग त्यांनी विचारलं, "आणि मागे तो आवाज कसला आहे?"

"कुठला?"

"सारखा खटखट चाललाय तो."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंना मी हाताने विचारलं, काही वाजतंय? त्यांनी हाताने सांगितलं, नाही.

"काही नाही, मॅडम," मी म्हणाले. "माग चालू आहेत फक्त."

"सराव करताना?"

"ते चालूच असतात."

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, घरी गोंगाट असतो का. तुम्ही नाही म्हणालात."

"गोंगाट नाहीच आहे. आम्ही टीव्हीसुद्धा लावत नाही."

मग त्यांनी सांगितलं. मशीनला सतत चाललेला खडखडाट नकोसा वाटतो, ते त्याला दाबायला जातं. तो दाबताना त्याच्याबरोबर श आणि स सारखे बारीक आवाजही दबतात. उरलेसुरले त्या खडखडाटात बुडतात. दवाखान्यातल्या शांत खोलीत जे पोचतं, ते आमच्या घरात पोचतच नव्हतं.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "सहस्राला आणू नका. तुम्ही या."

काचेची खोली

ती खोली आतून मऊ फळ्यांनी मढवलेली असते. दार लागलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. इतक्या वेळा मी तिथे मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. एकटी पहिल्यांदाच.

मॅडमनी सहस्राचं मशीन नळीला जोडून नळी माझ्या कानात घातली. मशीन हातात धरून त्या माझ्या पाठीमागे गेल्या.

आ आला. ऊ आला. म आला. मग काहीच नाही. मी वाट पाहिली.

"म्हणा ना, मॅडम."

"म्हटलं, ताई. दोनदा."

मग मोठे हेडफोन लावले, हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. जाड आवाजांना मी पटापट दाबत गेले. मग आवाज बारीक होत गेले आणि मी नुसतीच बसून राहिले. काचेपलीकडे मॅडम काहीतरी फिरवत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, पुन्हा फिरवत होत्या. त्यांचा हात हलतोय हे मला दिसत होतं.

कानाच्या तपासणीचा आलेख मला आता वाचता येतो. माझ्या कागदावरची रेघ बराच वेळ सरळ चालली होती आणि उजव्या टोकाला विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"मागांमुळे असं होतं," मॅडम म्हणाल्या. "सहस्राचं वेगळं, तिचं मागामुळे नाही. पण तुमचं हे वर्षांनुवर्षांचं आहे. यजमानांचं बहुतेक याहून जास्त असेल."

म्हणजे मशीन कधी बिघडलंच नव्हतं. तीन माणसांनी नळी लावून पाहिली होती, आणि तिघांच्याही कानांत तो आवाज शिरायला जागा नव्हती. दुकानदाराने तो माझ्या कानांना ऐकू येईपर्यंत वाढवला होता, आणि तो मुलीच्या कानात सोडला होता.

"मग तिला स शिकवणार कोण?" मी विचारलं. "मला स्वतःला येत नाही. घरात कुणालाच येत नाही."

मॅडमनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमची जीभ स म्हणायला विसरलेली नाही, ताई. तुम्ही फक्त म्हणायचं. ऐकायचं काम तिचं आहे, तिला करू द्या."

माग थांबले

मशीन पुन्हा बसवलं. सहस्राचा कान अगदी बारीक सुरांना फारच कमकुवत आहे, म्हणून मॅडमनी ते सूर थोडे खाली, जिथे तिला बरं ऐकू येतं तिथे आणून सोडले. गोंगाट दाबण्याचं काम सरावापुरतं कमी केलं. पण बजावून सांगितलं, मागांसमोर कुठलंही मशीन हरेल. शांतता तुम्हीच द्यायची.

आमच्याकडे कामगार आळीपाळीने जेवतात, म्हणजे माग थांबत नाहीत. श्रीनिवासने काही न बोलता सगळ्यांची जेवणाची सुट्टी एकत्र केली. पहिल्या दुपारी तो खाली उभा राहिला आणि तळहात पालथा दाबला. एकेक करून सगळे माग थांबले.

सासूबाई घाईने बाहेर आल्या. "वीज गेली?"

सहस्रा जिन्याच्या कठड्याशी जाऊन खाली बघत राहिली. मशीन तिच्या कानांत नव्हतं. तिला पायाखालची थरथर थांबलेली कळली असावी.

पुढचे कितीतरी दिवस काही झालं नाही. मी मशीन नुसतं तिच्या हातात द्यायची. मग मांडीवर. मग अगदी कमी आवाजात एका कानात. करमाळ्याच्या त्या बाईसारखा लाल दोरा बांधला, तो तिला आवडला. ताटं मी फडक्यावर ठेवू लागले. कधी ती घालायची, कधी फेकायची. शांततेचा तास संपून माग सुरू झाले की मी मशीन परत डबीत ठेवायची. आजचाही गेला.

हे लिहिते आहे तेव्हाही ती बोलत नाही. पुण्याला पाठवायचा कागद मॅडमच्या टेबलावर अजून आहे. हे सगळं मार्गी लागलं असं मी कुणाला सांगणार नाही. एका दुपारी जे झालं, तेवढं सांगते.

माग बंद होते. मी मलमलीची रिंग तोंडापुढे धरली. सहस्राने कांडी गालाला लावली, वाट बघायची तिची तशी पद्धत आहे. आ म्हटलं, कांडी पडली. म म्हटलं, पडली. श ला ती नुसती बघत राहिली. मी जीभ दातांमागे नेली आणि वारा सोडला. मला काही ऐकू आलं नाही. स म्हटलं की नुसता श्वास सोडला, मला कळेना. पुन्हा म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं.

टोपलीत कांडी पडली.

हातातून निसटली असेल. मी दुसरी दिली आणि मुद्दाम गप्प राहिले. ती रिंगकडे बघत राहिली, कांडी गालाला, हलली नाही. मी बराच वेळ तशीच बसले. मग स म्हटलं. कांडी पडली.

दारात श्रीनिवास उभा होता. मी बोट कानाला लावून त्याला विचारलं, तुला आला? त्याने हाताने सांगितलं, नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही मान हलवली.

खोलीत आम्ही तीन मोठी माणसं होतो. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. सहस्राने माझा गळा थोपटला. पुन्हा कर.